ढोलकीचा घुमारा आणि कॉम्प्रेसरचा रिलीज : एका लावणीच्या मिक्सच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४ : फाइली आणि पातळ्या

हाती आलेलं ध्वनिमुद्रण १४ ट्रॅकचं आहे, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. बाज फडाच्या लावणीचा, लांबी ४ मिनिटं ५० सेकंद. ढोलकीला दोन माइक, हलगीला एक जवळचा, खोलीचे दोन, तुणतुण्याला एक, पेटीला दोन, झांजेला एक, चाळांना एक, गायिकेचा एक आणि झीलकऱ्यांचे तीन. मिक्स रीपर या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये.

सगळ्यांनी एकत्र बसून, क्लिकशिवाय (कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या ठोक्याशिवाय) वाजवलंय आणि पुढचे सगळे निर्णय याच गोष्टीवरून ठरणार आहेत. सुरुवातीला लय मिनिटाला १०४ मात्रांच्या आसपास आहे, शेवटच्या कडव्यानंतर ढोलकी-हलगीची जुगलबंदी ११६ पर्यंत चढते. कॉम्प्रेसर म्हणजे ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वर गेलेला आवाज रेशोच्या प्रमाणात दाबणारं यंत्र; दाब बसायला लागणारा वेळ अटॅक, सुटायला लागणारा रिलीज. हा रिलीज लयीशी जुळवायचा तर गाण्याच्या दोन टोकांना दोन वेगळे आकडे लागणार. १०४ ला एक मात्रा ५७७ मिलिसेकंदांची, अर्धी २८८, पाव १४४. ११६ ला हेच आकडे ५१७, २५९ आणि १२९. सहाही आकडे कागदावर लिहून स्पीकरशेजारी चिकटवले.

आज एकही कॉम्प्रेसर लावला नाही, फक्त क्लिप गेन, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या तुकड्यांची पातळी हाताने कमी-जास्त करणं. प्रत्येक ट्रॅकची सरासरी पातळी उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळी शून्य धरून मोजलेल्या डेसिबलच्या) आसपास आणली. जुन्या यंत्रांवर बेतलेले बहुतेक प्लगइन ही पातळी व्हीयू मीटरचा (जुन्या काट्याच्या पातळीमापकाचा) शून्य धरून बनवलेले असतात. ट्रॅक १० डीबी चढा आला तर ११७६ या जुन्या कॉम्प्रेसरच्या धाटणीचा प्लगइन इनपुटची कळ जेमतेम उघडताच आवाज चिरडायला लागतो आणि कळीचा निम्मा पल्ला वाया जातो. ११७६ ला थ्रेशोल्डची वेगळी कळ नसते. थ्रेशोल्ड आत पक्का बसवलेला असतो आणि इनपुट वाढवून आवाज त्याच्यावर ढकलायचा असतो.

गायिकेच्या ट्रॅकवर अकरा जागी एखादा शब्द बाकीच्यांपेक्षा ६ ते ८ डीबी वर उडालाय. ते सगळे हाताने खाली घेतले. हे काम कॉम्प्रेसरवर सोडलं तर त्या अकरा शब्दांसाठी थ्रेशोल्ड ठरतो आणि उरलेलं गाणं त्याची किंमत मोजतं.

हलगी कातड्याची आहे, दर दोन टेकनंतर शेकलेली. शेकल्यावरचा पहिला टेक टणक आणि चढा, तर दुसऱ्याच्या शेवटी सूर आणि पातळी दोन्ही उतरलेली. जोडलेल्या तुकड्यांमध्ये ३ डीबीचा फरक होता, तो क्लिप गेननेच काढला. सुराचा फरक तसाच ठेवला, तो कानाला खटकत नाही.

लीकेज मोजून ठेवलं. गायिका गप्प असते तेव्हा तिच्या माइकमध्ये ढोलकी उणे ३० डीबीएफएसला ऐकू येते. आवाजावर ८ डीबी कॉम्प्रेशन करून तेवढाच मेकअप गेन (दाबल्यामुळे गेलेली पातळी भरून काढणारी वाढ) दिला की हीच ढोलकी उणे २२ ला येईल, म्हणजे मूळ ढोलकीच्या मागे दुसरी, लांबची, पोकळ ढोलकी. आवाजावर किती दाबायचं याची कमाल मर्यादा याच आकड्याने ठरणार.

६ ऑगस्ट : ढोलकी

आधी दोन माइकांची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) तपासली. उजव्या पुडीचा माइक उलटा केल्यावर घुमारा भरला, तसाच ठेवला. ही तपासणी कॉम्प्रेसरच्या आधीच झाली पाहिजे. दोन ट्रॅक एकमेकांना खोडत असतील तर एकावर गेन हलायला लागल्यावर खोडणंही हलतं आणि आवाज दर थापेला वेगळा लागतो.

उजवी पुडी, म्हणजे शाईची बाजू. थापेचा टोकदार भाग पहिल्या ५ ते ८ मिलिसेकंदांत उरकतो, मग पुडीचा सूर वाजत राहतो. रेशो ४:१, गेन रिडक्शन (आवाज किती दबला ते) ६ डीबी, रिलीज १२० ठेवून फक्त अटॅक बदलत गेलो. ३० मिलिसेकंदांना थाप अख्खी सुटते, मागचा सूर दबतो, ढोलकी कोरडी आणि पुढे आलेली वाटते. १० ला थाप थोडी बोथट होते आणि सूर लांबतो. १ ला थापेचं टोक जातं, ढोलकी चार पावलं मागे सरकते आणि पुडीचा सूर पेटीच्या सुराशी भांडायला लागतो. गायिका गाते तिथे १० हवा आणि जुगलबंदीत ३०. एकाच कॉम्प्रेसरवर अटॅकचं ऑटोमेशन करण्यापेक्षा ट्रॅकचे दोन तुकडे करून दोन वेगळ्या ट्रॅकवर टाकले. दोन्हीकडचं सेटिंग डोळ्यांसमोर राहतं.

डाव्या पुडीने खरा वेळ घेतला. इथे घुमारा (खोल, घुमणारा नाद) आणि घिस्सा (पुडीवर हात घासून काढलेला आवाज) आहे. थाप जोरकस आणि घिस्सा त्यामागून हळू येतो, तोही साधारण ९ डीबी खाली. मिक्समध्ये घिस्सा हरवतो, आणि घिस्सा गेला की लावणीच्या ठेक्यातला लचका जातो. फेडर वर नेला तर थाप छातीवर आदळते. म्हणून थापेला दाबायचं आणि घिस्सा यायच्या आत पूर्ण सोडून द्यायचं, असं ठरवलं.

या ठेक्यात थापेपासून घिस्सा अर्ध्या मात्रेवर येतो, १०४ च्या लयीत २८८ मिलिसेकंदांनी. रिलीज ६०० ठेवला तर घिस्सा येतो तेव्हा कॉम्प्रेसर थापेचाच दाब धरून बसलेला असतो आणि घिस्सा आधीपेक्षाही खाली जातो. पहिल्या प्रयत्नात नेमकं हेच झालं. ५० केला तर थाप संपायच्या आतच गेन परत येतो, थापेची शेपूट फुगते आणि घिस्सा त्या फुगवट्यात बुडतो. १८० ला गणित जमलं. थाप दबते, गेन हळूहळू वर येतो आणि तो पूर्ण मोकळा होता होता घिस्सा येतो. वादकाने मुद्दाम मनगट टाकून घिस्सा भरलाय असं वाटतं. जुगलबंदीत ११६ ला अर्धी मात्रा २५९ वर येते, तिथे हाच रिलीज १८० वरून १५५ केला.

अटॅक ३ मिलिसेकंद, रेशो ६:१, थापेवर ८ डीबी रिडक्शन, घिस्स्यावर शून्य. थ्रेशोल्ड असा ठेवला की घिस्सा त्याला शिवतही नाही.

एक बिघाड नोंदवून ठेवतो, कारण तो वारंवार होतो. रिलीज ३० आणि अटॅक ०.५ वर नेल्यावर घुमाऱ्यात गुरगुर आली. घुमारा ८० हर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं, आणि कॉम्प्रेसरचा डिटेक्टर (आवाजाची पातळी मोजणारा भाग) लहरीचा वरचा आणि खालचा दोन्ही माथे मोजतो, दर ६.२५ मिलिसेकंदांनी एक. अटॅक-रिलीज इतके चपळ असले की कॉम्प्रेसर थापेची पातळी सोडून लहरीचाच आकार पाहायला लागतो. गेन सेकंदाला १६० वेळा खाली-वर होतो आणि २४० हर्ट्झला मुळात नसलेला सूर उगवतो. रीकॉम्पमध्ये (रीपरच्या कॉम्प्रेसरमध्ये) आरएमएसची, म्हणजे सरासरी मोजण्याची, खिडकी २० मिलिसेकंद केली की डिटेक्टर आवर्तनाची सरासरी घेतो आणि गुरगुर जाते.

पण ही गुरगुर कामाची आहे. मोबाइलच्या स्पीकरवर ८० हर्ट्झ वाजतच नाही, २४० वाजतो. म्हणून डाव्या पुडीची एक प्रत वेगळ्या ट्रॅकवर घेतली, तिच्यावर अटॅक ०.३, रिलीज २५, रेशो १०:१, आरएमएस शून्य, आणि ३५० हर्ट्झच्या वरचं कापणारा लो-पास. मूळ ट्रॅकच्या १४ डीबी खाली मिसळली. मोठ्या स्पीकरवर ती जाणवतही नाही आणि मोबाइलवर डावा हात परत येतो.

७ ऑगस्ट : ऑटो मेकअप बंद

कालची सेटिंग सकाळी ताज्या कानांनी ऐकली. उजव्या पुडीचं 'सुधारलेलं' रूप बायपासपेक्षा (कॉम्प्रेसर बंद ठेवून ऐकलेल्या आवाजापेक्षा) २.५ डीबी मोठं होतं. ऑटो मेकअप चालू राहिला होता. पातळी जुळवल्यावर निम्मी सुधारणा नाहीशी झाली. सगळ्या कॉम्प्रेसरवरचा ऑटो मेकअप बंद केला. यापुढे प्रत्येक सेटिंग बायपासशी कानाने समान पातळीवर आणूनच ठरवायचं.

सेटिंग शोधण्याचा क्रमही आज पक्का केला. रेशो २०:१ आणि थ्रेशोल्ड इतका खाली की २० डीबी रिडक्शन दिसावं. आवाज विद्रूप होतो, पण अटॅक आणि रिलीज काय करताहेत ते लख्ख ऐकू येतं. आधी अटॅक फिरवून थापेचं टोक हवं तेवढं ठेवायचं, मग रिलीज फिरवून गेनची उसळी ठेक्याबरोबर डोलायला लागेल तिथे थांबायचं. मग रेशो उतरवायचा, थ्रेशोल्ड शेवटी. उलट क्रमाने, २-३ डीबी रिडक्शनवर अटॅक शोधत बसलं तर कान फसतो, कारण तेवढ्यात फरक कळतच नाही.

आकडे एका प्लगइनमधून दुसऱ्यात नेऊ नयेत. अटॅकची वेळ कुठे मोजायची याची व्याख्या प्रत्येक यंत्राची वेगळी असते. एकाचे १० मिलिसेकंद दुसऱ्याच्या ४ सारखे वागतात.

९ ऑगस्ट : हलगी आणि खोलीचे माइक

हलगीचा जवळचा माइक चांगला आहे, पण त्यात मोकळं मैदान नाही. हलगी ऐकायची ती वेशीपासून ऐकू येणारी, म्हणून खोलीचे दोन माइक चिरडायचे ठरवलं. ते वादकांपासून ४ मीटरवर होते, म्हणजे आवाज तिथे सुमारे ११.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो उशीर सरकवून जुळवला नाही. तो जुळवला की खोलीची खोलीच जाते.

खोलीचा जोड एका ऑक्सवर (वेगळ्या समांतर ट्रॅकवर) पाठवला आणि त्यावर ११७६ धाटणीचं खरं यंत्र लावलं, चारही रेशोची बटणं एकदम दाबून. बिल पुटनमने १९६० च्या दशकात बनवलेल्या मूळ ११७६ मध्ये ४, ८, १२ आणि २० अशी चार बटणं आहेत. ती एकदम दाबणं हा वापरणाऱ्यांनी शोधलेला प्रकार. त्यात रेशो १२ ते २० च्या दरम्यान कुठेतरी जातो, आतला बायस हलतो, आवाज फाटायला लागतो, आणि अटॅकच्या सुरुवातीला किंचित उशीर होतो, त्यामुळे टिपरीचं टोक निसटून बाहेर येतं. हलगीला हेच हवंय.

या यंत्राच्या कळा उलट्या आहेत : ७ म्हणजे सगळ्यात जलद, १ म्हणजे सगळ्यात मंद. अटॅक ७ ला २० मायक्रोसेकंद, १ ला ८००. रिलीज ७ ला ५० मिलिसेकंद, १ ला १.१ सेकंद. सगळ्यात मंद अटॅकसुद्धा एका मिलिसेकंदाच्या आतच आहे, 'मंद ठेवला' या शब्दांवर जाऊ नये. इथे अटॅक ३, रिलीज ७. काटा १५ डीबीच्या खाली उतरून तिथेच थरथरतो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हलगी पत्र्यासारखी, पोकळ वाजली. आधी दोष कॉम्प्रेशनवर ठेवला, मग तपासलं. यंत्राकडे जाऊन परत येणाऱ्या आवाजाचा विलंब प्लगइनने आपोआप मोजला होता, पण ६४ सँपल शिल्लक होते, म्हणजे १.३३ मिलिसेकंद. खोलीच्या मूळ ट्रॅकशी तो मिसळला की पहिला खड्डा ३७५ हर्ट्झला पडतो, नेमका हलगीच्या अंगात. यंत्र बायपास करून, ऑक्सची पोलॅरिटी उलटी करून, दोन्ही समान पातळीवर आणले. विलंब बरोबर असेल तर जवळजवळ शांतता मिळाली पाहिजे. ६४ सँपल हाताने भरल्यावर ती मिळाली. समांतर कॉम्प्रेशन (मूळ आवाजात मिसळलेली दाबलेली प्रत) पातळ वाजलं की आधी ही तपासणी करावी, सेटिंगला नंतर हात लावावा.

ऑक्सवर कॉम्प्रेसरच्या आधी १५० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास, नाहीतर घुमारा सगळा कॉम्प्रेसर ओढतो आणि हलगी त्याच्या तालावर गुदमरते. नंतर ७ किलोहर्ट्झला लो-पास, कारण चिरडल्यावर झांजेची किणकिण फुटक्या काचेसारखी पसरते. पातळी जवळच्या माइकच्या ११ डीबी खाली.

जुगलबंदीच्या शेवटच्या तिहाईला या ऑक्सवर गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र) लावून पाहिला. खोलीचा आवाज जोरात दाबून अचानक कापायचा प्रकार १९७९-८० च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ध्वनिअभियंता ह्यू पॅजम आणि ड्रमवादक फिल कॉलिन्स यांच्याकडून, पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमच्या कामात घडला. एसएसएल कंपनीच्या कन्सोलमध्ये (मिक्सिंगच्या टेबलात) वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी असलेल्या लिसन माइकवर एक जबर कॉम्प्रेसर होता, ड्रम त्यातून ऐकू आले आणि तो आवाज पकडून ठेवला गेला. इथे गेटची चावी (तो कधी उघडायचा ते ठरवणारा आवाज) हलगीच्या जवळच्या माइकवरून दिली, होल्ड (उघडा राहण्याचा वेळ) १३० मिलिसेकंद, म्हणजे त्या लयीतली पाव मात्रा, आणि रिलीज १५. तिहाईचा प्रत्येक ठोका भिंतीवर आपटून थांबतो. तिहाईपुरतं शोभतं. आधी सबंध जुगलबंदीवर ठेवलं होतं, तेव्हा हलगीच्या बारीक काडीचं मधलं भरणं गेटने खाऊन टाकलं. काढलं.

कडव्यांमध्ये हा ऑक्स पूर्ण बंद. तिथे चिरडलेल्या खोलीत पंख्याची घरघर आणि कुणाच्या तरी बांगड्या वर येतात.

११ ऑगस्ट : तुणतुणं

तुणतुणं गाणंभर एकाच सुरावर, एकाच पातळीवर टणटणतं. कान दहा सेकंदांत ते ऐकणं बंद करतो आणि जागा मात्र अडलेली राहते. त्याला साइडचेनने (एका ट्रॅकच्या आवाजावर दुसऱ्याचा कॉम्प्रेसर चालवून) ढोलकीच्या डाव्या पुडीशी बांधलं. घुमारा पडला की तुणतुणं ४ डीबी खाली जातं आणि पुढच्या अर्ध्या मात्रेपर्यंत परत येतं. क्लिक नसली तरी फिकीर नाही, चावी खऱ्या वादकाच्या हातातून येते, तो चढला की तुणतुणंही त्याच्याबरोबर चढतं. आकड्यांनी आखलेलं ऑटोमेशन इथे दुसऱ्याच आवर्तनात सुटलं असतं.

रीकॉम्पमध्ये डिटेक्टर इनपुट ऑक्झिलरीवर, ढोलकीचा सेंड ३/४ चॅनेलवर. रेशो ४:१, अटॅक ५, रिलीज २२०. पहिल्या फेरीत तुणतुणं फडफडलं. डाव्या माइकमधल्या हलगीच्या लीकेजने कॉम्प्रेसर चाळवत होता. डिटेक्टरवर १५० हर्ट्झचा लो-पास लावला आणि फक्त घुमारा ओळखला जाऊ लागला. हा फिल्टर ऐकू येणाऱ्या आवाजाला लागत नाही, कॉम्प्रेसरच्या कानाला लागतो.

आता तुणतुणं समेवर दम घेतं. ते बंद केलं तर गाणं बसल्यासारखं वाटतं, काल त्याचं असणंही कळत नव्हतं.

पेटीवर ऑप्टो (प्रकाशाने चालणारा कॉम्प्रेसर), २ डीबी, एवढंच. भात्याची सरसर आहे, जास्त दाबलं की तीच वर येते.

१२ ऑगस्ट : गायिकेचा आवाज

दोन कॉम्प्रेसर एकामागे एक. पहिला ११७६ धाटणीचा, ४:१, अटॅक ३, रिलीज ६, फक्त उंच टोकांवर ४ डीबी. दुसरा एलए-२ए धाटणीचा ऑप्टो, २ ते ३ डीबी. एलए-२ए मध्ये आवाजाने एक प्रकाशपट्टी उजळते आणि समोरचा प्रकाशसंवेदी रोधक गेन खाली घेतो. अटॅक सुमारे १० मिलिसेकंदांचा. सोडताना निम्मा गेन साधारण ६० मिलिसेकंदांत परत येतो, उरलेला निम्मा मात्र १ ते १५ सेकंद घेऊ शकतो, आधी किती जोरात आणि किती वेळ दाबलं होतं त्यावर. म्हणून टोकं पहिल्याने उडवायची आणि दुसऱ्याने सबंध ओळ हातात धरायची. क्रम उलटा करून ऐकला. एका खणखणीत हाकेनंतर ऑप्टो दोन सेकंद दबलेला राहिला आणि पुढची नाजूक ओळ, जिथे शब्दावर अदा आहे, मागे पडली.

एकूण ७ डीबी होतात. ढोलकीचं लीकेज उणे २३ वर आलं. ५ ऑगस्टला लिहिलेली पोकळ ढोलकी हलकीशी ऐकू येते. ओळींमधल्या रिकाम्या जागा क्लिप गेनने १० डीबी खाली घेतल्या, श्वास मात्र ४ डीबीच उतरवले. लावणीत श्वास कापला की गाणारी बाई समोरून उठून जाते.

आता डी-एसर, म्हणजे 'स' सारखे टोचणारे आवाज दाबणारं यंत्र. 'स' आणि 'श' वर बेतून ६.५ किलोहर्ट्झच्या वर ५ डीबी लावला. संध्याकाळी ऐकताना लक्षात आलं की 'चोळी' हा शब्द 'तोळी' ऐकू येतोय. मराठीत दोन च आहेत. 'चंद्र' मधला तालव्य च ३-४ किलोहर्ट्झच्या आसपास घासतो, 'चोळी' आणि 'चाळ' मधला दंत्य च मात्र आधी त सारखा अडतो आणि मग स सारखा, ६ किलोहर्ट्झच्या वर सुटतो. डी-एसर तो सुटणारा भाग 'स' समजून गिळतो आणि मागे फक्त त उरतो. 'जोडवी' च्या ज चंही तेच. अटॅक ०.२ वरून २ मिलिसेकंद केला, म्हणजे सुटण्याची पहिली ठिणगी न दबता निसटते आणि लांबणारा 'स' तेवढा दबतो. कमाल रिडक्शन ३ डीबी. उरलेले चार टोचणारे 'स' हाताने उतरवले. दंत्य च-ज असलेल्या सगळ्या शब्दांची यादी करून एकेक ऐकलं. डी-एसरला सोलोमध्ये (तो ट्रॅक एकटाच ऐकत) हात लावू नये, सबंध मिक्समध्ये शब्द कळतोय का एवढंच पाहावं. पण शब्द बिघडतोय का हे तपासायला सोलोच लागतो, तिथे रीपरमधलं डेल्टा सोलो कामाला आलं : कॉम्प्रेसरने काय काढून टाकलं तेवढंच ऐकू येतं. काढलेल्या आवाजात 'च' ओळखू आला, म्हणजे जास्त झालं.

१४ ऑगस्ट : झीलकरी आणि रिव्हर्ब

तीन झीलकऱ्यांचे आवाज एका बसवर (अनेक ट्रॅक एकत्र येतात त्या वाटेवर) आणून १०:१, अटॅक १, रिलीज ८०, तब्बल १० डीबी. तिघांचे चढ-उतार पुसले जातात आणि 'जी जी रं जी' एकाच रुंद गळ्यातून आल्यासारखं वाटतं. मागे उभे आहेत तसे मागेच राहतात, कारण जलद अटॅकने व्यंजनांची टोकं गेलीत.

गायिकेच्या रिव्हर्बवर, म्हणजे परतीच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर, आणि चावी तिच्याच कोरड्या आवाजाची. ती गाते तोवर रिव्हर्ब ६ डीबी खाली, शब्द कोरा. ओळ संपली की ४०० मिलिसेकंदांत रिव्हर्ब फुलतो आणि झीलकरी उचलतात तेव्हा तो भरलेला असतो. २०० ला शब्दांच्या मधल्या फटींतही उसळायला लागला, ८०० ला झील सुरू झाली तरी उठलेला नव्हता.

१६ ऑगस्ट : मास्टर बस

सगळं मिक्स जिथून बाहेर पडतं त्या मास्टर बसवर एसएसएल धाटणीचा व्हीसीए कॉम्प्रेसर. रेशो २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिडक्शन १ ते २ डीबी. अटॅक १० ला नेला की ढोलकीची चाट लगेच मंदावते, दोन आठवड्यांचं काम एका कळीने पुसलं जातं. रिलीज ०.३ सेकंदांवर कडव्यांमध्ये सुरेख डोलतो, पण जुगलबंदीत थापा इतक्या दाट की काटा वर यायलाच फुरसत नाही, २.५ डीबीवर अडकून पडतो आणि जिथे गाणं चढायला हवं तिथे ते दबतं. ०.१ वर जुगलबंदी सुटते, पण कडव्यांत पेटी दर थापेला हेलकावे खाते. ऑटो रिलीजने दोन्ही सांभाळलं.

घुमारा एकटाच सगळं मिक्स खाली ओढत होता. डिटेक्टरवर ९० हर्ट्झचा हाय-पास लावल्यावर ते थांबलं. हाय-पास १५० ला नेला तर उलटंच होतं, डावा हात कॉम्प्रेसरला दिसतच नाही आणि बाकी सगळं दबल्याने तो वर तरंगतो.

डावी-उजवी बाजू जोडलेलीच ठेवली. सुटी केली की डावीकडची हलगी वाजताना फक्त डावी बाजू दबते आणि मधली गायिका उजवीकडे सरकल्यासारखी वाटते.

फेअरचाइल्ड ६७० धाटणीचा व्हेरिएबल म्यू (व्हॉल्व्हवर चालणारा) कॉम्प्रेसरही लावून पाहिला. तुणतुणं आणि पेटी मखमली झाली, हलगीही मखमली झाली. काढला.

१८ ऑगस्ट : बायपास करत उतरणं

एकूण १७ कॉम्प्रेसर झाले होते. एकेक बंद करून, पातळी जुळवून, अख्खं गाणं ऐकलं. पाच गेले : झांजेवरचा (टोकं मोडत होता, झांज मोठी लागली तर फेडर खाली), चाळांवरचा, ढोलकीच्या बसवरचा (दोन्ही पुड्यांवर आधीच आहे), पेटीच्या दुसऱ्या माइकवरचा, आणि आवाजावरचा समांतर, ज्याने पोकळ ढोलकी परत आणली होती.

तपासणी मोबाइलवर, गाडीत आणि अगदी हळू आवाजात जवळच्या स्पीकरवर. मोबाइलवर डावा हात आहे. गाडीत तिहाईचा गेट जास्त वाटला, ऑक्स २ डीबी उतरवला. हळू आवाजात तुणतुण्याची डोल दिसली पाहिजे तेवढीच दिसते.

पूर्ण गाण्याची पातळी उणे १७ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप), सर्वोच्च टोक उणे ५ डीबीएफएस. लिमिटर (टोकं ठरावीक पातळीवर अडवणारं यंत्र) नाही.

मास्टरिंगसाठी दोन फाइली काढल्या, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ : एक बस कॉम्प्रेसरसह, एक त्याच्याशिवाय. सोबत लयीचे सहा आकडे आणि तिहाईची वेळ, ४ मिनिटं ३१ सेकंद, लिहून दिली. तिथे लिमिटर १ डीबीपेक्षा जास्त दाबायला लागला तर ठोके एकमेकांना चिकटतील. तसं झालं तर फाइल परत मागवावी, खोलीचा ऑक्स इथूनच आणखी उतरवून देऊ.